सावकारासमोर वीस पडतो तेव्हा

"पीएचडी कशावर करतेस?" या प्रश्नाला माझी दोन उत्तरं आहेत. घाईत असले की, "खेळांवर." समोरच्याला दहा मिनिटं वेळ असेल तर, "खेळाचे नियम गोष्ट कशी घडवतात, यावर." पहिल्या उत्तरावर लोक क्रिकेटचं बोलायला लागतात. दुसऱ्यावर गप्प होतात. तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत असं धरून आज दुसऱ्या उत्तराबद्दल लिहिते आहे. त्यासाठी अकोल्याच्या जुन्या शहरातली आत्याच्या घराची गच्ची, सहा माणसं आणि माझ्या हातून झालेली एक चूक, एवढं तुम्हाला सांगावं लागेल.

आधी खेळ काय ते बघू. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चार-सहा जणांनी बसून, बोलून एक गोष्ट रचायची. एक जण जग चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात. "मी भिंत चढतो," असं तुम्ही म्हणता. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. पात्राचे गुण, कौशल्यं, जखमा, सगळं एका कागदावर असतं, त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. या प्रकारातला पहिला छापील खेळ म्हणजे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी काढलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. लोक त्याला डी अँड डी म्हणतात. आज जगात सगळ्यात जास्त खेळला जातो तो त्याची पाचवी आवृत्ती. ती २०१४ साली आली आणि २०२४ मध्ये सुधारून निघाली.

आमच्या गच्चीवरही तोच. अकोल्याच्या उन्हाळ्यात रात्री नवाच्या आत गच्चीवर पाय ठेवता येत नाही. मग सतरंजी, माठ, खारे शेंगदाणे आणि फासे. सुरुवातीला आम्ही ड्रॅगन, भुयारं, जादूगार असंच खेळलो आणि मस्त खेळलो. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी या खेळावर टीका करणार आहे आणि ती खेळ वाईट आहे म्हणून नाही. भुयारात उतरून राक्षस मारायचे असतील तर हा खेळ छान चालतो.

अडचण नंतर सुरू झाली. कुणी म्हणालं, "आपल्या भागातलं काही खेळू ना." मी म्हटलं, खेळू. नियम तेच, फक्त नावं बदलू. ड्रॅगनच्या जागी इंग्रज, किल्ल्याच्या जागी गाविलगड. मला वाटलं, नियम म्हणजे भांडं आहे, त्यात काय शिजवायचं ते आपल्या हातात. माझं आजचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे.

पत्त्यांचा जोड आणि पत्त्यांचा खेळ

"एकच सिस्टिम सगळ्याला चालते" असं म्हणणारे लोक बहुतेक वेळा दोन गोष्टींची गल्लत करतात. घरातला पत्त्यांचा जोड आठवा. त्याच बावन्न पानांत झब्बू होतो, बदाम सात होतो, मेंढीकोट होतो, भिकार-सावकार होतो. म्हणून "एकच जोड सगळ्या खेळांना पुरतो" हे खरं आहे. पण "झब्बूचे नियम सगळ्या खेळांना पुरतात" असं कुणी म्हणेल का? झब्बूत हातातली पानं संपवायची घाई असते. मेंढीकोटात भिडूची खूण ओळखायची असते. पानं तीच राहतात आणि माणसाचं वागणं बदलतं, कारण कशाला किंमत द्यायची ते नियम ठरवतात.

फासे म्हणजे जोड. सिस्टिम म्हणजे नियम. 'काय केलं की पुढे जाता, काय केलं की अडता, आणि काय केलं तरी काहीच फरक पडत नाही' हे सिस्टिम सांगते. माझ्या संशोधनात मी ज्यांचा आधार घेते त्या इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की खेळ शब्दांनी किंवा चित्रांनी जेवढं सांगतो तेवढंच नियमांनीही सांगतो. नियम हे एक विधान असतं. आपल्याकडे हे वेगळं शिकवायला नको. पोवाड्याच्या चालीत अंगाई म्हणून बघा, शब्द कितीही मऊ असू द्या, पोरगं उठून बसेल.

आता तीन रात्रींचा हिशेब देते.

पहिली रात्र: अडगाव

अकोला जिल्ह्यातलं अडगाव तुम्हाला माहीत असेल. इंग्रजी पुस्तकांत ते 'अरगाव' म्हणून येतं. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथे नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजा एका बाजूला आणि आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. नंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. तीन आठवड्यांच्या आत वऱ्हाडचं नशीब फिरलं.

या लढाईत एक विलक्षण गोष्ट घडली. दोनच महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, असईच्या भयंकर लढाईत टिकून राहिलेल्या कंपनीच्या काही देशी पलटणी इथे लांबून आलेल्या तोफांच्या माऱ्याने बिथरल्या आणि फुटून मागे पळाल्या. वेलस्ली जवळच होता, त्याने त्यांना गोळा करून पुन्हा उभं केलं. आपण जवळ नसतो तर तो दिवस हातचा गेला असता, अशा अर्थाचं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे या लढाईचा काटा शौर्यावर नव्हता, भीतीवर होता. कुणाचा धीर सुटतो आणि सुटलेला धीर कोण परत बांधतो, यावर होता.

हे मला खेळायचं होतं. डी अँड डी मध्ये ते उतरेना.

का उतरेना? कारण या आवृत्तीत प्रत्येकाकडे हिट पॉइंट असतात. पाचव्या पातळीच्या योद्ध्याकडे साधारण चाळीस-पंचेचाळीस. नियमपुस्तकातली मस्केट एका गोळीत १ ते १२ आणि वर नेमबाजाच्या कौशल्याचे दोन-तीन इतकं नुकसान करते. म्हणजे आमचा शिलेदार सरासरीने चार गोळ्या खाऊन उभा. आणि एक पॉइंट उरला असला तरी तो पंचेचाळीस असताना जसा लढायचा तसाच लढतो. हिट पॉइंट म्हणजे रक्त नव्हे, दम आणि नशीब समजा, असं या खेळाचे चाहते सांगतात. मान्य. तरी प्रश्न उरतोच: पळून जाण्याचा नियम कुठे आहे?

गंमत म्हणजे तो एकेकाळी होता. हा खेळ जन्मला तोच छोट्या शिपायांच्या पुतळ्यांनी खेळायच्या युद्धखेळातून. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत प्रत्येक राक्षसापुढे धीराचा आकडा दिलेला असे, २ ते १२. दोन फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्याच्या वर गेली की तो पळतो. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हा आकडा गेला. पाचवीत तो एक ऐच्छिक नियम म्हणून मागच्या पानांत सापडतो. आणि बेसिक आवृत्तीतही तो शत्रूंना आणि पगारी सोबत्यांना लागू होता, खेळाडूंच्या पात्रांना नाही. हिरो कधी पळत नाही, हे या खेळाचं जुनं विधान आहे.

मग आमच्या अडगावात काय झालं? सहा जणांनी तोफखान्यावर चाल केली आणि वेलस्लीला गाठून मारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. घरी जाताना लक्षात आलं की आम्ही अडगाव खेळलोच नाही. आम्ही भुयार खेळलो, फक्त त्याला छत नव्हतं.

दुसरी रात्र: वाडा

नंतर कुणी म्हणालं भुताचं खेळू. जुन्या शहरात भुताच्या गोष्टींना तोटा नाही. मोर्णेच्या काठचा पडका वाडा घेतला, आत एक बाई, कोणे एकेकाळी बंद केलेली खोली. दिवे काढले, एक कंदील ठेवला. अर्ध्या तासात आमच्यातल्या धर्मगुरूच्या पात्राने पवित्र चिन्ह दाखवलं आणि हडळ पळाली. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. दुसऱ्या पातळीपासून त्याला ती शक्ती मिळते. आत्याच्या मुलाने जांभई दिली.

भीतीची गोष्ट चालते ती खाली उतरण्यावर. सुरुवातीला माणूस धड असतो, शेवटी नसतो. डी अँड डी चा सगळा जिना वर जातो. जितकं खेळाल तितके बळकट व्हाल. या दोन चाली एकमेकींच्या विरुद्ध आहेत. म्हणूनच १९८१ साली सँडी पीटरसन यांनी 'कॉल ऑफ क्थुलू' काढला तेव्हा त्यांनी मनाच्या शाबूतपणाचा आकडा आणला. भयंकर काही पाहिलं की तो उतरतो आणि बहुधा पुरता भरून येत नाही. तुम्ही जितकं जाणता तितकं ढासळता. नियमच भीतीदायक आहे.

पुढे २००० साली डी अँड डी च्या प्रकाशकांनी आपला मूळ सांगाडा खुल्या परवान्याखाली दिला आणि दोन-चार वर्षं जो तो आपला खेळ त्या सांगाड्यावर बसवू लागला. २००२ साली 'कॉल ऑफ क्थुलू' चीही तशी आवृत्ती आली. लेखक कसलेले होते, मनाच्या शाबूतपणाचा आकडाही ठेवला होता. पण त्याच्या शेजारी पातळ्याही आल्या, पातळीबरोबर वाढणारे हिट पॉइंटही आले. एक आकडा माणसाला खाली ओढतो, दुसरा वर. तुमच्याकडे ते पुस्तक आलं तर वाचा जरूर. एकच सिस्टिम सगळीकडे नेली की काय होतं, याचं इतकं प्रामाणिक उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

वाड्याच्या गोष्टीत एक उपकथाही होती: बाईचं काय झालं याचा छडा. तीन पुरावे ठेवले होते, तिन्ही मिळाले तरच उलगडा. इथे थोडं गणित करू, कारण माझ्या प्रबंधातला एक पूर्ण भाग या गणितावर आहे.

वीस बाजूंच्या फाश्यावर पात्राचे पाच मिळवून पंधरा किंवा जास्त हवेत. म्हणजे फाश्यावर दहा किंवा वर. शक्यता ५५ टक्के. एका पुराव्यासाठी ठीक. पण तिन्ही हवेत तर ०.५५ ला तीनदा गुणा: १७ टक्क्यांहूनही कमी. सहापैकी पाच रात्री तुमची रहस्यकथा अर्ध्यात मरणार.

"पण सगळेच फासा टाकतील ना!" असं तुम्ही म्हणाल. टाकू द्या. पाच जणांनी टाकला आणि प्रत्येकाची शक्यता तेवढीच असली, तर निदान एकाला पुरावा मिळण्याची शक्यता ९८ टक्के होते. मग फासा टाकायचाच कशाला? म्हणजे एकाने टाकला तर गोष्ट मरते, सगळ्यांनी टाकला तर फासा मरतो. हल्ला करण्यासाठी बनवलेलं यंत्र शोध घेण्यासाठी वापरलं की असं होतं. तलवारीचा वार चुकला तर पुढच्या फेरीत पुन्हा मारता येतो. न सापडलेलं पत्र दुसऱ्यांदा 'मारता' येत नाही. रॉबिन लॉज यांनी २००७ मध्ये 'गमशू' या सिस्टिममध्ये यावर साधा उपाय केला: योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी गेलं की मुख्य पुरावा मिळतोच, फासा नाही. शंका पुरावा मिळण्याबद्दल नको, त्याचा अर्थ लावण्याबद्दल हवी.

तिसरी रात्र: वही

आता माझी चूक.

तिसऱ्यांदा मी विषय निवडला तो कापसाचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव पडला. दरम्यान लोकांनी चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेलं. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं, रेल्वे येऊ घातलेली. यापेक्षा चांगली पार्श्वभूमी कुठली? मी अकोल्याजवळचं एक गाव रचलं, १८६६ साल, सहा पात्रं एका कुटुंबातली, आणि एक सावकार.

दुसऱ्या तासाला एका खेळाडूचं पात्र सावकाराकडे गेलं. "मी त्याले समजावून सांगतो." नियम काय म्हणतो? समजावण्याचं कौशल्य, पर्स्युएशन. अठरा कौशल्यांपैकी एक. मी अवघड आकडा ठेवला, वीस. त्याचे अधिकचे सात. फाश्यावर वीस पडले, बेरीज सत्तावीस. पुस्तकाप्रमाणे वीस पडले म्हणजे आपोआप यश हे फक्त हल्ल्यापुरतं आहे, पण इथे बेरजेनेच काम झालं होतं. गच्ची ओरडली. सावकाराने कागद फाडला. मीच म्हणाले, "फाडला."

आमच्यात एक दादा आहेत, जिनिंगमध्ये हिशेब लिहितात. ते हसले सगळ्यांबरोबर. मग फासे गोळा करता करता म्हणाले, "ताई, वीस पडून कर्ज फिटत असतं तं माह्या आज्याचं वावर गेलं नसतं."

कुणी काही बोललं नाही. पुढच्या रात्री दादा आले नाहीत. त्याच्या पुढच्या रात्रीही नाहीत.

मी स्वतःला समजावायचा प्रयत्न केला की विषयच नाजूक होता. ते अर्धंच खरं आहे. नाजूक विषय माणसं खेळतात, रडतात, पुन्हा येतात. इथे झालं ते वेगळं. नियमाने एक विधान केलं: कर्ज म्हणजे सावकाराचा मूड आहे, आणि जो गोड बोलतो तो सुटतो. म्हणजे जो सुटला नाही त्याला बोलता आलं नाही. मी तोंडाने असं कधीच म्हटलं नसतं. माझ्या वतीने ते नियम बोलला, आणि ज्याच्या घरातून वावर गेलं त्याने ते बरोबर ऐकलं.

इतिहास वेगळं सांगतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि दंगा पुणे-नगरच्या गावोगाव पसरला, तेव्हा लोक मागत होते ते कागद. कर्जरोखे हातात घ्यायचे आणि जाळायचे. सावकाराचं मन वळवण्यात त्यांना रस नव्हता. सत्ता त्याच्या मनात नव्हती, वहीत होती. शेतकऱ्यांना हे कळत होतं. माझ्या कॅरेक्टर शीटवर अठरा कौशल्यं होती, वही नव्हती.

मग सर्वसमावेशक सिस्टिम घ्या की!

हा आक्षेप योग्य आहे. डी अँड डी भुयारासाठीच आहे, पण मुद्दाम सगळ्यांसाठी बनवलेल्या सिस्टिमही आहेत. १९८६ साली स्टीव्ह जॅक्सन यांचा 'गर्प्स' आला. तीन फासे, बेरीज आपल्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी आली की यश. इथे टोकाचे निकाल विरळ असतात: तिन्ही फाश्यांवर एक येण्याची शक्यता २१६ मध्ये १, तर वीस बाजूंच्या फाश्यावर कुठलाही एक आकडा येण्याची २० मध्ये १. म्हणजे गर्प्सचं जग जास्त शहाणं, जास्त सरासरीचं. वास्तववादी गोष्टींना ते शोभतं. पण त्यात लढाईची एक पाळी म्हणजे एक सेकंद. ज्या खेळाने सेकंद मोजायचं ठरवलं त्याने काय महत्त्वाचं आहे तेही ठरवलं. कर्जाचा मोसम चार महिन्यांचा असतो.

'फेट' नावाची दुसरी सिस्टिम कुठल्याही जगात चालते म्हणतात, आणि बऱ्याच जगांत चालतेही. पण ती स्वतःच सांगते की तिची पात्रं कर्तबगार, धडाडीची आणि नाट्यमय असतात. वाड्यात अडकलेली घाबरलेली नणंद तिच्यात बसत नाही. म्हणजे 'सगळ्यांसाठी' असलेली सिस्टिमही तटस्थ नसते. तिची आवड फक्त ठळक दिसत नाही, आणि म्हणून ती पकडायला जास्त कठीण जाते.

आणखी एक आक्षेप: "चालवणारा चांगला असला की सगळं जमतं." जमतं, खरंय. मी त्या रात्री फासा टाकूच दिला नसता, तर कागद फाटला नसता. पण मग श्रेय चालवणाऱ्याला द्या, सिस्टिमला नको. ज्या गाडीला चढावर सगळ्यांनी उतरून ढकलावं लागतं, ती चढावर चालते असं आपण म्हणत नाही.

एकच सिस्टिम वापरणाऱ्यांच्या बाजूने

इथे मी थांबले तर लेख सोपा होईल आणि अन्याय्यही. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या टीकाकारांना "प्रत्येक गोष्टीला वेगळी सिस्टिम घ्या" असं म्हणणं सोपं जातं. 'सिस्टिमने फरक पडतो' या अर्थाचा रॉन एडवर्ड्स यांचा निबंध गेल्या शतकाच्या अखेरीस आला, त्यानंतर छोट्या, एकाच प्रकारच्या गोष्टीसाठी बनवलेल्या खेळांची लाटच आली. त्यातले कितीतरी सुंदर आहेत. पण ते इंग्रजीत आहेत, विकत घ्यावे लागतात, आणि दिवसभर काम करून आलेल्या पाच जणांना प्रत्येक वेळी नवं पुस्तक मराठीत समजावून सांगण्यात एक रात्र जाते. डी अँड डी चे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहेत. एकदा शिकलं की शिकलं. आमची आत्या, जी अधूनमधून चहा घेऊन येते आणि एका बुटक्याचं पात्र खेळून जाते, तिला वीस बाजूंचा फासा कळतो. तिला दर महिन्याला नवं काही शिकवायला गेले तर ती चहाच आणणार नाही.

म्हणून माझा निष्कर्ष 'सिस्टिम बदला' इतका सरळ नाही. तो असा: सिस्टिम कुठलीही असो, गोष्ट सुरू करण्याआधी तीन प्रश्न विचारा. या गोष्टीत माणूस काय गमावू शकतो, आणि ते कागदावर कुठे लिहिलेलं आहे? फासा कशासाठी टाकला जातो? आणि तो कुणाच्या हातात आहे? पहिल्या प्रश्नाला जागा नसेल तर जागा करा. नाही जमली तर ती गोष्ट त्या सिस्टिममध्ये खेळू नका.

आम्ही काय केलं ते सांगते. अडगावसाठी १९८१ चा धीराचा नियम उचलला आणि तो खेळाडूंच्या पात्रांनाही लावला. सरदार जवळ असेल तर पुन्हा एकदा फासे टाकता येतात. दुसऱ्यांदा खेळलो तेव्हा सहातले तीन पळाले आणि उरलेले तिघे त्यांना हाका मारत फिरले. वेलस्ली कुणाला दिसलाही नाही. वाड्यासाठी फासे बाजूला ठेवले. 'ड्रेड' नावाच्या एका भयखेळात लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो, धोक्याचं काही करायचं तर एक ठोकळा काढायचा, मनोरा पडला की तुमचं पात्र संपलं. आमच्याकडे मनोरा नव्हता, कॅरमच्या सोंगट्या होत्या. एकीवर एक रचायच्या. गच्चीवर वारं असतं. चौदाव्या सोंगटीला कुणाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता.

कापसाच्या गोष्टीसाठी मात्र डी अँड डी पूर्ण सोडलं. कॅरेक्टर शीट काढून टाकली, मधोमध एक खरी लाल वही ठेवली. कुटुंबाकडे पाच चिठ्ठ्या: वावर, बैलजोडी, डागिने, पत, नातं. दर मोसमाला पैसा लागला की एक चिठ्ठी वहीत लिहायची, पेनाने. सावकाराशी हवं तेवढं बोला, फासा नाही. फासा एकच, भावाचा, आणि तो सही झाल्यानंतर पडतो. तो कुणा पात्राच्या हातात नाही. खेळाडूंनी आळीपाळीने टाकायचा, आणि जो पडेल तो सगळ्यांनी सोसायचा.

हे छान जमलं असं म्हणू का? एक पोरगी दुसऱ्या मोसमाला म्हणाली, "हे तं घरीच चालू असते, इथं कायले?" आणि उठून खाली गेली. तिचंही बरोबर आहे. काही गोष्टी नियमात बरोबर बसल्या तरी त्या खेळायच्या का, हा प्रश्न उरतो, आणि त्याला कुठल्याच सिस्टिमकडे उत्तर नाही.

जिनिंगवाल्या दादांकडे मी स्वतः गेले होते. माफी मागितली, वही दाखवली, या असं म्हणाले नाही. पुढच्या शनिवारी ते आले. खेळायला बसले नाहीत, कठड्याला टेकून बघत राहिले. तिसऱ्या मोसमाला त्यांनी वही मागून घेतली, पान बघितलं आणि म्हणाले, "हे चुकलं तुमचं. शंभर मांगतले तं शंभर नाही देत तो. व्याज आधीच कापून घेते. हातात येते ऐंशी अन् वहीत राहते शंभर."

मग त्यांनी पेन घेतलं आणि आमच्या वहीत एक रकाना वाढवला. तो रकाना आता माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात आहे.